थेट आजच्या डोसवर

पश्चिम मांबळम, चेन्नई
९ जून २०२४

प्रिय विद्यु,

तुझे टोमणे पोचले. चेन्नईत येऊन चार महिने झाले आणि माझ्याकडून एक धड पत्र नाही, नुसते आवाजी निरोप, तेही लिफ्टची वाट बघता बघता बोललेले. कबूल. हॉस्टेल सोडताना ठरलं होतं की कुठेही असलो तरी लांबलचक ईमेल लिहायची आणि तुझा संगणक ती तुला मोठ्याने वाचून दाखवील. तुझ्या संगणकातल्या त्या रडक्या पुरुषी आवाजात मी कशी वाटत असेन, देव जाणे.

नोकरी बरी आहे. आमची कंपनी रुग्णालयांसाठी एक ॲप बनवते. कोणती गोळी किती घ्यायची, कधी घ्यायची, कशाबरोबर घ्यायची नाही, सगळं रुग्णाच्या फोनवर. पडद्यावर काय कुठे दिसेल ते मी ठरवते, आणि ज्यांना दिसत नाही त्यांना ते कसं ऐकू येईल हेही. मुलाखतीत विचारलं, अंध माणसांबद्दल तुम्हाला काय ठाऊक आहे? मी म्हटलं, एका अंध मुलीबरोबर तीन वर्षं एका खोलीत राहिलेय, आणि माझ्या वस्तू जागच्या जागी नसल्या की ती मला शिव्या द्यायची. लगेच घेतलं त्यांनी.

अडचण एकच. औषधाचा मजकूर कायद्याच्या चौकटीतला. तो मंजूर होऊन येतो आणि मग त्यातला स्वल्पविरामही हलवायचा नाही. हे सांभाळायला श्रीविद्या म्हणून एक बाई आहेत, मजकूर मंजुरीच्या प्रमुख. हुशार, शांत आणि अजिबात न हलणाऱ्या.

खालच्या मजल्यावर माझ्या घरमालकीण राहतात, हेमावती मामी. तंजावरच्या मराठी. तीनशे वर्षांपूर्वीची मराठी आणि आजची तमिळ एकत्र कालवून बोलतात. पहिला महिनाभर मी नुसती मान हलवत होते. साखरेने दोन्ही डोळे गेलेत. हृदयात धातूची झडप बसवलीय, म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभराची. कमी पडली तर झडपेत गुठळी, जास्त झाली तर आतल्या आत रक्तस्राव. मुलगा भीमसेन ओरगडमला ट्रकच्या कारखान्यात पाळीवर, तिथेच खोली घेऊन राहतो आणि शनिवारी येतो. बाकीचे दिवस मामी एकट्या, गोळ्या चाचपून घेतात. माझं ॲप त्यांच्या हातात सुखरूप द्यायचं, असं मी मनाशी धरलंय.

म्हणून तू हवीस. सोबत चाचणी खात्याची माहिती पाठवतेय. तुझी सगळी खोड काढायची ताकद लाव.

तुझी
ऋजुता


नाशिक
२२ जून २०२४

ऋजे,

रडका आवाज बदलला. आता तू एका उत्साही बाईच्या आवाजात येतेस, बातम्या देणारीसारखी. हृदयाच्या झडपेचं वर्णन तिने फार आनंदाने केलं.

बँकेतून आले की तासभर तुझ्या ॲपशी झटापट करते. बटणांना नावं आहेत, हे थोर काम. अर्ध्या जगाच्या ॲपमध्ये माझा फोन नुसतं ‘बटण, बटण, बटण’ म्हणतो आणि मी अंदाजाने पैसे पाठवते. तुझ्याकडे तसं नाही. शाबास.

आता शिव्या. रोजचा पडदा उघडला की सुरुवातीला ते काय पुराण आहे? ‘ही माहिती वैद्यकीय सल्ल्याला पर्याय नाही’ इथून जे सुरू होतं ते संपतच नाही. दोन मिनिटं. तुम्ही डोळेवाले त्यावरून नजर फिरवून क्षणात खाली जाता. मला ते कानातून गिळावं लागतं, आणि रोज तेच. तिसऱ्या दिवशी मी फोन पलंगावर फेकला.

मग उपाय सापडला. तू मथळे नीट बांधलेस, त्यामुळे बोट खाली ओढलं की फोन मधलं सगळं सोडून पुढच्या मथळ्यावर जातो. पहिल्यांदा ओढलं, रुग्णाचं नाव. दुसऱ्यांदा, औषधाचं नाव. तिसऱ्यांदा, ‘आजचा डोस’. खलास. आम्ही लोक सगळीकडे असेच फिरतो, मथळ्यावरून मथळ्यावर. मधलं कोणी ऐकत बसत नाही. चाचणीच्या अहवालात मी लिहिलंय: पडदा उघडल्यापासून डोसपर्यंत तीन हालचाली, उत्तम.

मामींना माझा नमस्कार सांग. जुनी मराठी मलाही ऐकायचीय.

विद्यु


चेन्नई
१४ जुलै २०२४

प्रिय विद्यु,

तुझा अहवाल मी मीटिंगमध्ये मोठ्याने वाचला. ‘पुराण’ हा शब्द वगळून. सगळे खूश. साहेब म्हणाले, खऱ्या वापरणाऱ्याचं हे मत आपण कागदपत्रांना जोडू.

ते पुराण मात्र हलणार नाही. मी श्रीविद्यांकडे जाऊन बसले. म्हटलं, निदान खाली तरी घ्या. त्या म्हणाल्या, “ऋजुता, हा पूर्ण भाग एक ब्लॉक म्हणून मंजूर झालाय. त्याची जागा बदलली, त्यात काही घातलं, तरी पुन्हा तपासणी, पुन्हा मंजुरी. तीन महिने. रुग्णालय थांबणार आहे का?” रुग्णालय थांबणार नव्हतं. आणखीही एकदोन बारीकसारीक गोष्टी मला हव्या होत्या, त्या पुढच्या आवृत्तीत घेऊ असं ठरलं. सोड, तुझ्या युक्तीमुळे पुराणाचा त्रास तसाही संपला.

ॲप पहिल्या तारखेपासून सुरू होतंय, आणि मामींचं रुग्णालय पहिल्याच यादीत आहे. काल मी त्यांच्या फोनवर ते घातलं. फोन तमिळमध्ये बोलायला लागला आणि पुराण सुरू झालं. मामी हातातला नारळ तसाच धरून ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, “कां गे, ह्या मेल्याला इतकं बोलायला कोण सांगटलं? मात्रै किती ते बेगीन सांग, पोदुम.” गोळी किती ते लवकर सांग, बस्स.

माझं ऐकून त्यांना बोट ओढणं जमत नाही. मी डोळ्यांनी बघून शिकवते आणि त्यांना ते कळत नाही. तू फोनवरून शिकवशील? तुला तमिळ येत नाही, पण मामींना मराठी येते, आणि शिव्या दोघींनाही.

ऋजुता


नाशिक
१८ ऑगस्ट २०२४

ऋजे,

तुझ्या मामींशी तीन रविवार बोलले. आता त्या माझ्या मामी आहेत, तू हक्क सोड.

पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, “तुज दिसत नाही ते कधीपासून?” मी म्हटलं, अकराव्या वर्षापासून. त्या म्हणाल्या, “मग तूं मोठी. मी नवीच.” मी इतकी हसले की आई स्वयंपाकघरातून बघायला आली.

त्यांचा फोन तमिळमध्ये बडबडत होता, मला एक अक्षर कळत नव्हतं. गरजच नव्हती. मी सांगितलं, मामी, शब्दांकडे लक्ष देऊ नका. बोट ठेवा, खाली ओढा, एक. पुन्हा ओढा, दोन. पुन्हा, तीन. आता जे ऐकू येईल तेवढंच खरं. तिसऱ्या रविवारी त्यांनी माझ्याशी गप्पा मारता मारता डोस काढला. म्हणाल्या, “दोसा उलटायला अधिक वेळ लागतो गे.” मला तीन वर्षांच्या पेन्शन खात्याच्या कामात एवढं समाधान मिळालं नाही.

हीच युक्ती मी पाच मिनिटांत बोलून रेकॉर्ड केली आणि आमच्या अंध मंडळींच्या ग्रुपवर टाकली. तुझं ॲप पुण्याच्या दोन रुग्णालयांतही आलंय, माहीत आहे ना? लोक ती पुढे पाठवताहेत. कालच एका अनोळखी गृहस्थांनी सोलापूरहून आभार मानले. मला थोडं मिरवू दे.

विद्यु


चेन्नई
२० ऑक्टोबर २०२४

प्रिय विद्यु,

मिरव. आम्हीही मिरवलो. कंपनीला एका परिषदेत शाबासकी मिळाली आणि पडद्यावर तुझं वाक्य झळकलं, ‘तीन हालचाली, उत्तम’, खाली तुझं नाव. मी टाळ्या वाजवत होते आणि मला हॉस्टेलची आपली खोली आणि तुझ्या शिव्या आठवत होत्या.

संध्याकाळी घरी आले की खालून मामींच्या फोनचा आवाज येतो. खरं तर आवाजाचे तुकडे. अर्धा शब्द, अर्धा शब्द, अर्धा शब्द आणि मग डोस. मला जिना चढण्याआधी कळतं की गोळी घेतली. भीमसेनअण्णा परवा म्हणाले, “आता मी कारखान्यात निवांत असतों. पूर्वी रोज फोन करून विचारायचों.” त्यांनी मला म्हैसूरपाक दिला. तुझा वाटा मीच खाल्ला.

एक विचारायचं होतं. मथळ्यावरून उड्या मारताना मधलं काही महत्त्वाचं सुटलं, असं कधी झालंय का तुझ्याबाबतीत? सहज विचारतेय.

ऋजुता


नाशिक
२७ ऑक्टोबर २०२४

ऋजे,

सुटतं की. बँकेच्या सूचनापत्रकातली एक तारीख सुटली होती, साहेबांनी तासलं. पण तिथे पत्रक लिहिणाऱ्याने मथळाच दिला नव्हता. महत्त्वाचं असेल त्याला मथळा द्यायचा, एवढं तुम्ही सांभाळा. बाकी आम्ही बघून घेतो. तू बांधलेल्या ॲपमध्ये ती काळजी नाही, म्हणून तर मी बिनधास्त शिकवतेय.

म्हैसूरपाकाचं लक्षात ठेवलंय.

विद्यु


चेन्नई
२४ जानेवारी २०२५

विद्यु,

हेमावती मामी गेल्या.

मी संक्रांतीला साताऱ्याला घरी गेले होते. पोंगलची सुट्टी संपवून रविवारी परतले तर खालचं दार सताड उघडं आणि बाहेर चपलांची रास. मेंदूत रक्तस्राव झाला. शेजारच्यांनी रुग्णालयात नेलं, भीमसेनअण्णा पोचेपर्यंत त्या बोलत नव्हत्या. दुसऱ्या दिवशी पहाटे संपलं.

त्यांच्या दारातली रांगोळी अजून आहे. दिसत नसतानाही रोज स्वतः काढायच्या, बोटांनी अंतर मोजून. आता कोणी त्यावर पाय देत नाही.

जास्त लिहवत नाही.

ऋजुता


नाशिक
२९ जानेवारी २०२५

ऋजे,

तुझं पत्र त्या बातम्यावाल्या बाईच्या आवाजात ऐकलं. तो आवाज मी काढून टाकला. जुना रडका परत लावलाय.

मामींचा शेवटचा फोन संक्रांतीच्या दिवशीचा. तिळगूळ पाठव म्हणाल्या. आवाज थकलेला होता. विचारलं तर म्हणाल्या, लघवीला जळजळ होत होती, पोंगलच्या आधीच्या शुक्रवारी शेजारणीबरोबर रुग्णालयात जाऊन आले, नवी मात्रै दिलीय. मोठे डॉक्टर सुट्टीवर होते. ड्यूटीवरच्या पोराने सांगितलं, बाकी सगळं तुमच्या फोनवर येईल. मी म्हटलं, आलं का? त्या म्हणाल्या, “आलं की. पूर्वीचाच डोस.”

ते वाक्य डोक्यातून जात नाही. मी डॉक्टर नाही, पण बँकेत पेन्शनर म्हाताऱ्यांच्या रांगेपुढे तीन वर्षं बसलेय. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीबरोबर दुसरी गोळी सुरू झाली की भानगड होते, हे मलाही माहीत आहे. तुझ्या ॲपला ते माहीत नाही का?

विद्यु


चेन्नई
३ फेब्रुवारी २०२५

प्रिय विद्यु,

माहीत आहे. दोन औषधं एकमेकांत बाधा आणणारी असली की ॲप सूचना देतं. डोस मात्र डॉक्टरांनी सही केल्याशिवाय बदलत नाही, आणि ते सुट्टीवर होते. म्हणून डोस जुनाच राहिला.

डॉक्टर म्हणतात, या वयात, एवढ्या साखरेत, काहीही होऊ शकतं. कंपनीत चौकशी चालू आहे. अशी घटना घडली की अहवाल द्यावा लागतो, नियम आहे. मला त्यावर फार बोलायची परवानगी नाही. तू जिवाला लावून घेऊ नकोस.

ऋजुता


नाशिक
९ फेब्रुवारी २०२५

ऋजुता,

तू मला चाचणीचं खातं दिलं होतंस ते बंद केलेलं नाहीस. काल मी त्यात त्या खोट्या रुग्णाला रक्त पातळ ठेवणारी गोळी दिली आणि मामींनी सांगितलेलं दुसरं औषध चालू केलं. मग नेहमीसारखं बोट ओढलं. नाव. औषध. आजचा डोस, पूर्वीचाच. कुठे काही नाही. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. म्हटलं, चला, सूचना आलीच नव्हती, मशीनची चूक.

मग पडदा बंद करून पुन्हा उघडला आणि हात मांडीवर ठेवून पुराण पहिल्यापासून ऐकलं. वैद्यकीय सल्ल्याला पर्याय नाही. जबाबदारी कंपनीची नाही. माहितीची गोपनीयता. आणि त्याच सुरात, श्वासही न घेता: आपण सुरू केलेल्या नवीन औषधामुळे रक्तस्रावाचा गंभीर धोका आहे, आजची गोळी घेण्यापूर्वी पुढील क्रमांकावर फोन करा. आणि पुन्हा पुढे, तक्रार निवारण.

मथळा नाही. त्या पुराणाच्या पोटात घातलंय.

मी आईला बोलावलं आणि विचारलं, पडद्यावर काय दिसतं? ती म्हणाली, “मोठा लाल चौकोन आहे, आत उद्गारचिन्ह. त्याच्याआधी दुसरं काही दिसतच नाही.” लाल चौकोन तू केलास ना? चांगला झालाय म्हणे.

तू जुलैत लिहिलं होतंस, बारीकसारीक गोष्टी राहिल्या. ही त्यातली एक होती का? ऑक्टोबरमध्ये तू मला ‘सहज’ विचारलंस. तेव्हा माहीत होतं का तुला? मी हसत हसत उत्तर दिलं. मला खरं सांगितलं असतंस तर मी त्याच दिवशी मामींना फोन केला असता. एका फोनचं काम होतं.

आणि माझं काय? मी त्यांना सांगितलं, शब्दांकडे लक्ष देऊ नका. हेच शब्द होते माझे. मला तमिळ येत नव्हतं तरी मी गुरू झाले. चाचणीतल्या रुग्णाला कधी दुसरं औषध देऊन बघितलं नाही. तुझ्यावर रागावते आणि रागावून झालं की मीच उरते.

खरं उत्तर दे. परवानगीचं मला सांगू नकोस.

विद्युलता


चेन्नई
२३ फेब्रुवारी २०२५

विद्यु,

हो. माहीत होतं.

जूनमध्येच मी त्या सूचनेला वेगळा मथळा मागितला होता. सूचना मंजूर ब्लॉकच्या आत येते, त्यामुळे मथळा घालणं म्हणजे ब्लॉक बदलणं. श्रीविद्यांनी तीन महिने सांगितले. मी म्हटलं, निदान रंग? रंगाला मंजुरी लागत नाही. मग मी तो लाल चौकोन केला आणि माझं समाधान झालं. दिसणाऱ्यांसाठी केलं आणि अंधांसाठी केल्यासारखं वाटून घेतलं. तुझी तीन हालचालींची युक्ती ऐकली तेव्हा एकदा चरकले होते. पण तुझ्या अहवालाने सगळे इतके खूश होते, मीसुद्धा. ऑक्टोबरमध्ये तुला विचारलं ते तू ‘काही होत नाही’ म्हणावंस म्हणून. तू नेमकं उत्तर दिलंस, मथळा द्या. मी ते पत्र मिटून कामाला लागले. नवी आवृत्ती मार्चमध्ये येणारच होती.

मामी गेल्या त्या आठवड्यातच मी त्यांचा फोन बघितला होता. पोंगलच्या सुट्टीत रोज सूचना आली होती. रोज त्यांनी पडदा उघडला होता आणि लगेच डोसवर गेल्या होत्या. तो क्रमांकही चालू होता. फोन केला असता तर कोणीतरी उचलला असता. हे माहीत असून मी तुला वयाचं आणि साखरेचं लिहिलं.

मागच्या सोमवारी अहवाल माझ्यापुढे सहीला आला. त्यात लिहिलं होतं: सूचना ठळकपणे दर्शवण्यात आली होती; रुग्णाने ती वगळली; ॲपची पडताळणी अंध तपासनीसाकडून झालेली आहे. खाली तुझं नाव. मी श्रीविद्यांना म्हटलं, यातलं एकही वाक्य खोटं नाही आणि अहवाल खोटा आहे. त्यांनी अहवाल मिटून बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, “माझे वडीलसुद्धा हेच ॲप वापरतात.” सही मी केली नाही. मथळा मी मागितला होता आणि तो का मिळाला नाही हे लिहून जोडलं, तुझं नाव काढायला लावलं. आता ते वर गेलंय. मला घरी बसायला सांगितलंय, निकाल लागेपर्यंत. मथळा येईल, पण त्यालाही तपासणी आणि मंजुरी आहेच. तोवर पडदा आहे तसाच.

मग खाली गेले. भीमसेनअण्णा मामींचं सामान आवरत होते. मी सगळं सांगितलं, जून महिन्यापासून. ते रागावतील म्हणून तयारी करून गेले होते. ते म्हणाले, “कुठे होतं ते? दाखव मला.” मी मामींचा फोन उघडून त्यांच्या हातात दिला. सूचना अजून तिथेच होती. त्यांनी एकदा पडद्याकडे बघितलं आणि माझ्याकडे बघितलं.

“हे तर दिसतंय की,” म्हणाले.

पुन्हा पुन्हा तेच म्हणत राहिले, “इतकं मोठं लिहिलंय. दिसतंय की गे. मी पोंगलच्या आधल्या शनिवारी होतों इथेच. फोन तिच्या उशाशी होता. एकदा बघितलों असतों तर.” त्या माणसाने शनिवारी आईचा फोन हातात घेतला नाही, कारण आम्ही त्याला निवांत केलं होतं.

मी खोली सोडतेय. त्यांनी जा म्हटलं नाही, पण मला तो जिना चढवत नाही. क्षमा मागायची तर कुणाची, कोणत्या क्रमाने, हे मला कळत नाही. तुझी पहिली.

ऋजुता


नाशिक
१६ मार्च २०२५

ऋजे,

उत्तराला उशीर झाला. महिनाभर तुझ्यावर चिडायचं असं ठरवलं होतं, पण तेवढी फुरसत मिळाली नाही. सही केली नाहीस ते चांगलं केलंस. आधी बोलली असतीस तर जास्त चांगलं झालं असतं. हे मी आयुष्यभर अधूनमधून म्हणणार आहे, ऐकून घेत जा.

फुरसत का नाही ते सांगते. मी ऑगस्टमध्ये रेकॉर्ड करून पाठवलेली ती युक्ती. ती मी आमच्या ग्रुपवरून काढून टाकली, पण तोवर ती कुठल्या कुठे गेली होती. कोणीतरी तिचं हिंदी केलंय, कोणीतरी गुजराती. मी नवीन रेकॉर्ड केलं: उड्या मारू नका, रोज पहिल्यापासून ऐका, एक बाई यात गेल्या आहेत. ते कोणी पुढे पाठवत नाही. जुनं मात्र अजून फिरतंय. परवा माझंच रेकॉर्डिंग मला एका बाईंनी पाठवलं, ‘ताई, हे ऐका, फार उपयोगी आहे’ म्हणून. त्यात मी किती आनंदात बोलतेय. मला माझा आवाज ओळखायला वेळ लागला.

म्हणून मी एकेकाला फोन करते. बँकेतून आले की हेच. ज्यांनी ज्यांनी आभार मानले होते त्यांच्यापासून सुरुवात केलीय. काहींना पटतं. काही म्हणतात, ताई, दोन मिनिटं रोज कोण ऐकणार, तुम्हीच तर सांगितलं होतं.

काल सोलापूरच्या त्या गृहस्थांना गाठलं. सत्तरीचे आहेत, तुझंच ॲप, तीच रक्त पातळ ठेवणारी गोळी. पटेना. शेवटी मी म्हटलं, काका, आज माझ्यासाठी एकदा पूर्ण ऐका. मी फोनवर थांबते. त्यांनी दुसरा फोन काढला, पडदा उघडला आणि मला ऐकू येईल असा जवळ धरला. वैद्यकीय सल्ल्याला पर्याय नाही. जबाबदारी कंपनीची नाही. गोपनीयता. त्या ठिकाणाजवळ आलं तसा मी फोन कानाशी घट्ट दाबला. आवाज तसाच पुढे गेला. तक्रार निवारण. मग रुग्णाचं नाव, औषधाचं नाव, आजचा डोस.

काका म्हणाले, “बघा, काहीच नव्हतं की. उगाच घाबरवलंत.” आणि मग मायेने म्हणाले, “पोरी, उद्यापासून आपली तुझी ती जुनीच पद्धत बरी.”

विद्यु